अश्वाचे कर्म आणि निकालाचे दप्तर

कर्म एकाने करावे आणि फल दुसऱ्याच्या पदरी पडावे, असे होऊ शकते काय, या प्रश्नापाशी आपले दर्शनकार फार सावधपणे थांबले आहेत. केलेले कर्म फलावाचून नष्ट होणे, म्हणजे कृतप्रणाश, आणि न केलेल्या कर्माचे फल वाट्याला येणे, म्हणजे अकृताभ्यागम, हे दोन दोष जिथे उद्भवतील तो सिद्धांत त्याज्य, असा त्यांचा दंडक होता. कारण हे दोष मान्य केले तर विश्वात नीतीला आधारच उरत नाही. हा दंडक मनात ठेवून अमेरिकेतील एका सुप्रसिद्ध अश्वशर्यतीच्या निकालाकडे पाहिले, म्हणजे हे दोन्ही दोष तिथे एकाच वेळी, राजरोस आणि कायद्याच्या संमतीने नांदताना दिसतात.

केंटकी राज्यातील लुइव्हिल नगरात, चर्चिल डाऊन्सच्या मैदानावर, १८७५ सालापासून दरवर्षी अखंड धावली जाणारी केंटकी डर्बी ही तीन वर्षे वयाच्या थरोब्रेड घोड्यांची सव्वा मैलाची शर्यत होय. १ मे २०२१ रोजी ती मेदिना स्पिरिट नावाच्या घोड्याने जिंकली. वर्षाचा असताना जो लिलावात अवघ्या एक हजार डॉलरांना विकला गेला होता, असा हा घोडा आरंभापासून आघाडीवर राहिला. अखेरच्या सरळ पट्ट्यात मँडलून, हॉट रॉड चार्ली आणि इसेन्शियल क्वालिटी हे तिघे त्याच्या खांद्याशी भिडले, तरी तो मागे हटला नाही, आणि अर्ध्या घोड्याच्या अंतराने पुढे राहून त्याने निशाण ओलांडले. पुढे तपासणीत त्याच्या रक्तात बीटामेथासोन हे औषध आढळले. प्रमाण एका मिलिलिटरमध्ये २१ पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या लक्ष कोटी भागांपैकी एकवीस. हे औषध उपचारासाठी वर्ज्य नसले तरी शर्यतीच्या दिवशी ते रक्तात असता कामा नये, असा तिथला नियम आहे. कातडीवरच्या मलमातून ते आले, असे प्रशिक्षक बॉब बॅफर्ट यांच्या पक्षाचे म्हणणे पडले. तक्रारी, तपासण्या आणि वकिली युक्तिवाद यांत महिने लोटले. ६ डिसेंबर २०२१ रोजी कॅलिफोर्नियातील सँटा अनिटा मैदानावर सरावाची धाव संपवताच तो घोडा कोसळला आणि मरण पावला, आणि शवचिकित्सेतूनही मृत्यूचे निश्चित कारण हाती लागले नाही. त्यानंतर अडीच महिन्यांनी, २१ फेब्रुवारी २०२२ रोजी, पंचांनी फैसला दिला की मेदिना स्पिरिट बाद, आणि विजेता मँडलून.

म्हणजे एकाच धावेचे दोन निकाल झाले. मेदिना स्पिरिटवर पैसे लावणाऱ्यांनी शर्यतीच्या दिवशीच आपली रक्कम उचलली होती, ती त्यांच्याकडेच राहिली. मँडलूनवर लावणाऱ्यांना नव्या फैसल्याने कवडीही मिळाली नाही. आणि विजेत्याचे अठरा लक्ष साठ हजार डॉलरांचे इनाम मात्र दप्तरात एका मालकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेले. ज्याच्या फुप्फुसांनी आणि अस्थींनी ती दोन मिनिटे साकारली, त्याला पहिला निकाल कळला नव्हता, आणि दुसरा कळण्यास तो हयात नव्हता.

इथे कोणी म्हणेल, आणि भाविकपणाने म्हणेल, की फलाची आस न धरता कर्म करणारा घोडा हाच खरा कर्मयोगी. हे स्तुतिवचन मला मान्य नाही. फलाचा त्याग त्यालाच करता येतो, ज्याला फल ठाऊक असते आणि ते हवेसे वाटू शकते. ज्याच्यापुढे फल कधी मांडलेच गेले नाही, त्याला त्यागी म्हणणे हे त्याच्या वंचनेला पुण्याचे वस्त्र नेसवणे होय. दुसरा युक्तिवाद याहून भक्कम आहे. यज्ञाचे फल यजमानाला आणि ऋत्विजाला केवळ दक्षिणा, अशी मीमांसकांची व्यवस्था. त्याच न्यायाने इनाम मालकाला आणि दाणावैरण, तबेला, वैद्य हे घोड्याला, यात अधर्म कोणता? परंतु ऋत्विजाचे आधी वरण होते, त्याला विचारले जाते, आणि नकार देण्यास तो मुखत्यार असतो. घोड्याला धावण्यात आनंद वाटतो हे खरे आहे, आणि मोकळ्या कुरणात उधळणारे शिंगरू ज्याने पाहिले आहे तो ते नाकारणार नाही; पण त्या आनंदातून शर्यतीची संमती निष्पन्न होत नाही.

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात या विषयाचे मर्म फार पूर्वीच सांगून ठेवले आहे, असे मला वाटते. बाहुकाच्या वेषातला नल ऋतुपर्ण राजाचा रथ विदर्भाकडे हाकत असतो. वाटेत राजा बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे पाहता पाहता मोजून दाखवतो, आणि तिथे विनिमय ठरतो: राजाने अक्षहृदय, म्हणजे फाशांचे रहस्य द्यावे आणि नलाने अश्वहृदय. फाशांचे रहस्य मिळताच कली नलाच्या देहातून बाहेर पडतो. पण अश्वहृदय मुळातच नलापाशी होते आणि राज्य, वस्त्र, पत्नी सर्व गमावल्यावरही ते त्याच्यापाशी राहिले, याकडे आपले लक्ष जावे तितके जात नाही. या दोन विद्या व्यासांनी निरनिराळ्या ठेवल्या आहेत. शर्यतीच्या मैदानावर मात्र फाशांची विद्या जाणणारे असंख्य असतात; अश्वाचे हृदय जाणणारे काही थोडे असतात, बहुधा पहाटे चारला तबेल्यात शिरून घोड्याच्या पुढल्या पायावरून तळहात फिरवत उष्णता पाहणारे मोतद्दार; आणि इनामाच्या चौथऱ्यावर ते क्वचितच दिसतात.

आणखी एक गोष्ट या प्रश्नाला विशेष गंभीर करते. थरोब्रेड ही जात निसर्गाने दिलेली नाही. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गॉडॉल्फिन अरेबियन या तीन वळूंपर्यंत आजच्या प्रत्येक थरोब्रेडची पितृपरंपरा पोचते, आणि गेली तीनशे वर्षे माणसाने वेगाच्या एकाच हेतूने या जातीची वीण घडवली आहे. सुमारे पाचशे किलोंचा देह आणि त्याखाली बारीक नळ्यांचे पाय, ही रचना आपल्या संकल्पाने झाली. ज्या प्राण्याचे अस्तित्वच आपल्या इच्छेचे कार्य आहे, त्याच्याविषयीची जबाबदारी रानातल्या पशूविषयीच्या जबाबदारीहून कितीतरी अधिक आहे. पित्याची जबाबदारी शेजाऱ्याच्या जबाबदारीहून अधिक असते तशी.

म्हणून २०२२ च्या त्या फैसल्यात मला एक तत्त्व मोलाचे वाटते. औषध इंजेक्शनातून आले की मलमातून, हेतुपुरस्सर आले की अनवधानाने, याने फैसल्यात फरक पडत नाही. घोड्याच्या रक्तात जे सापडेल त्याचा जाब प्रशिक्षकाने द्यावा, हा तिथला नियम. हेतूवाचून दोष कसा, अशी तक्रार यावर होते आणि माणसामाणसांच्या व्यवहारात ती रास्तही ठरेल. पण जो बोलू शकत नाही, साक्ष देऊ शकत नाही, त्याच्या वतीने उत्तर देणारा कोणीतरी असलाच पाहिजे, आणि तो त्याला पाळणाराच असू शकतो. माझे म्हणणे इतकेच की हा नियम रक्ताच्या एका थेंबाशी थांबू नये. सराव करताना हाड मोडले, छाती फुटली, किंवा धावणे संपल्यावर प्राणी निरुपयोगी ठरून विकला गेला, तरीही उत्तरदायी तोच, आणि त्याच्यासह मालक आणि पैसे लावणारा प्रेक्षकही.

२०२३ च्या डर्बीच्या आगेमागे चर्चिल डाऊन्सवर बारा घोडे दगावले, तेव्हा तिथल्या शर्यती जून महिन्यात एलिस पार्कच्या मैदानावर हलवाव्या लागल्या. त्याआधी २०२० साली अमेरिकी संसदेने केलेल्या कायद्यान्वये स्थापन झालेली राष्ट्रीय प्राधिकृत संस्था आता शर्यतींतील मृत्यूंचे प्रमाण प्रसिद्ध करते. ही आकडेवारी विजेत्यांच्या यादीबरोबर, त्याच पानावर छापली गेली पाहिजे. कारण तोही त्या शर्यतींचाच निकाल आहे.