मोजणी आपल्या शिवारात

२०२२ च्या अखेरीस कलबुर्गी आणि बीदर जिल्ह्यांत तूर उभ्या उभ्या वाळली. त्या पावसाळ्यात अतिवृष्टी झाली होती, रानं दिवसेंदिवस पाण्याखाली होती, आणि पाणी ओसरल्यावर मर रोगानं व मूळकुजीनं गाठलं. फुलोरा येऊन गेलेला, शेंगा भरायला लागलेल्या, खत-फवारणीचा सगळा खर्च करून झालेला, आणि अशा वेळी झाडाची पानं मलूल होत जातात. खोडावर बुडापासून जांभळट पट्टा चढतो. साल सोलून पाहिली तर आत तपकिरी-काळ्या रेषा दिसतात. बुरशी मुळातून शिरून पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बंद करते, त्यामुळे जमिनीत ओल असूनही झाड तहानेनं मरतं. आमच्याकडचे कानडी शेतकरी याला नेटे रोग म्हणतात, मराठी शेतकरी तूर उधळली म्हणतात. कर्नाटक सरकारनं कलबुर्गी, बीदर आणि यादगीरच्या शेतकऱ्यांना हेक्टरी १०,००० रुपयांची मदत जाहीर केली. ज्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्याच कोठारात ही अवस्था झाली होती.

बीदर आणि विद्या असे दोन शब्द एकत्र आले की महमूद गवानाचा मदरसा आठवतो. तो आठवावा असाच आहे. पण ज्ञान आमच्या मातीत कसं येतं, कसं टिकतं आणि कुठे अडतं हे समजून घ्यायचं तर मला तुरीचा हा रोग जास्त शिकवतो.

या बुरशीला फ्युजेरियम उडम हे नाव १९१० साली बिहारमधल्या पुसा इथल्या एडविन बटलर यांनी दिलं. नाव मिळालं, वर्णन झालं. शेतकऱ्याच्या हाती मात्र बराच काळ काही पडलं नाही. १९७२ मध्ये पटानचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं हे गाव बीदरपासून शंभरएक किलोमीटरवर आहे. तिथे वाय. एल. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट केली, तिचं मोल मला कुठल्याही शोधाइतकं मोठं वाटतं. त्यांनी जमिनीचा एक तुकडा मुद्दाम रोगट करून ठेवला. मेलेल्या झाडांचे अवशेष त्या मातीत मिसळायचे, आणि हमखास बळी पडणारा एक वाण दर काही ओळींनंतर पेरत राहायचा. नवा वाण तपासायचा तो याच जमिनीत. त्यातही अट अशी की बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी मेल्या तरच त्या वर्षीची चाचणी खरी धरायची. त्या ओळी जगल्या, तर नव्या वाणाच्या जगण्याला काही अर्थ नाही, कारण मग त्या वर्षी जमिनीत रोगच पुरेसा नव्हता. आपण जे मोजतोय ते मोजण्याची ताकद आपल्या साधनात आहे का, हे दर हंगामात आधी सिद्ध करायचं, अशी ही शिस्त. पदार्थविज्ञान असो, वैद्यक असो की शिक्षणशास्त्र, संशोधन म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मी या रोगट तुकड्याचं नाव सांगेन.

या पद्धतीनं निवडलेला आयसीपी ८८६३ हा वाण मूळचा महाराष्ट्रातून आलेल्या एका गावरान वाणातला. १९८५-८६ च्या सुमारास तो कर्नाटकात मारुती या नावानं प्रसारित झाला. पुढे इक्रिसॅटच्याच बांटिलान आणि जोशी यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की १९९२-९३ पर्यंत उत्तर कर्नाटकातल्या तुरीच्या सुमारे ६० टक्के क्षेत्रावर मारुती पोचली होती. तिथून ती शेजारच्या राज्यांतल्या सीमेलगतच्या जिल्ह्यांतही गेली. पाव्हण्यांकडून, बाजारातून, शेजाऱ्याकडून उसनं घेऊन बी हिंडलं. १९५६ मध्ये जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. नात्यागोत्याची आणि बियाण्याची वाट मात्र मोडली नाही. आजही जालना जिल्ह्यातल्या बदनापूर केंद्राचे वाण बीदरच्या शिवारात दिसतात.

मग २०२२ मध्ये काय झालं? एका वाणानं किंवा एका खात्यानं चूक केली, असं सोपं उत्तर नाही. ही बुरशी सगळीकडे एकसारखी नसते. एका ठिकाणी तग धरणारा वाण दुसऱ्या ठिकाणी मरतो, हे देशभरच्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. शिवाय पीकपद्धती बदलली. पूर्वी जोंधळ्यात तुरीची इरवाड असायची. ज्वारीच्या सोबतीनं आणि ज्वारीच्या फेरपालटानं मर कमी होतो, हे पटानचेरूच्या प्रयोगांतही दिसून आलं. आमच्या आज्या-पणज्यांनी ते कागदावर मांडलं नव्हतं, पण पेरणीत पाळलं होतं. बीदरकडे खरिपाची ज्वारी सोयाबीननं हटवली आणि कलबुर्गीकडे तूर सलग, वर्षामागून वर्षं, त्याच रानात येऊ लागली. जमीन बदलली, पाऊस बदलला, बुरशी बदलली. एकदा केलेली मोजणी कायमची पुरत नाही. ती त्याच जागी, नव्या काळात, पुन्हा करावी लागते.

तुरीच्या बाबतीत हे कोणालाही चटकन पटतं. माणसाच्या बाबतीत पटायला फार वेळ लागतो.

वैद्यकातलं उदाहरण पुण्याचं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची होती, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची. वजनाचा काटा एवढंच सांगतो की आपली बाळं हडकुळी आहेत. पण कातडीखालची चरबी मोजली तेव्हा ती त्या मानानं कमी झालेली नव्हती. कमी होते ते स्नायू. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचं शेजारी उभं असलेलं छायाचित्र छापून आलं. दोघांचाही देहवस्तुमान निर्देशांक २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. युरोपच्या देहांवर बेतलेला आकडा आपल्या माणसाला निरोगी ठरवत होता आणि मधुमेह आत पाऊल टाकत होता. पुण्याजवळच्या खेड्यांत मोजमाप झालं नसतं, तर हे कळायला आणखी किती वर्षं गेली असती!

मानसशास्त्रात हा प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण तिथे मोजमापाचा शिक्का थेट लेकरावर बसतो. बिने आणि सिमाँ यांनी पॅरिसमध्ये १९०५ साली बुद्धिमापनाची पहिली श्रेणी केली. १९१६ मध्ये अमेरिकेत टर्मन यांनी तिची स्टॅनफर्ड आवृत्ती काढली. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी’मध्ये निबंध प्रसिद्ध केला तो कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी केलेल्या आवृत्तीचा. १९४० मध्ये त्यांचं ‘मेजरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हे पुस्तक आलं. कामतांनी नुसतं भाषांतर केलं नाही. धारवाडच्या परिसरातली मुलं त्यांनी स्वतः तपासली, कुठल्या वयाला कुठला प्रश्न जमतो ते पाहिलं, आणि त्याप्रमाणे श्रेणी बसवली. कानडी आणि मराठी लेकरांना एकाच अभ्यासात, दोघांनाही आपापल्या भाषेत, मानानं वागवणारं ते काम होतं. त्या काळात, त्या तुटपुंज्या साधनांनिशी एका माणसानं ते उभं केलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. ते मराठी वाचकांना माहीत नसावं याची खंतही वाटते.

पण कामतांची मुलं मुंबई इलाख्यातल्या कर्नाटकातली होती. बीदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचं कलबुर्गी, तेव्हा निजामाच्या राज्यात होते. सरकारी भाषा उर्दू, शाळा विरळ. आमच्या आजोबांच्या पिढीची मुलं त्या मोजणीत नव्हती. बिने-कामत चाचणी त्यानंतर देशभर गेली आणि बौद्धिक दिव्यांगत्व ठरवताना आजही वापरली जाते. तिचे मूळ निकष ब्रिटिश राजवटीतले आहेत.

जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात बुद्धिमापनातले गुण दर दशकाला साधारण तीन अंकांनी वाढत गेले. म्हणजे जुन्या निकषांवर आजचं मूल आहे त्यापेक्षा वर दिसतं. ज्याला खरोखर मदत हवी आहे त्याचं प्रमाणपत्र अशानं हुकू शकतं, आणि प्रमाणपत्र हुकलं की निवृत्तिवेतन, सवलत, विशेष शिक्षक हे सगळंच हुकतं. दुसऱ्या बाजूला भाषा आहे. औराद तालुक्यातल्या एखाद्या मुलीच्या घरी मराठी, वर्गात कानडी, बाजारात दखनी. तांड्यावरचं मूल असेल तर घरी लमाणी. तपासणाऱ्यानं कानडीत विचारलेल्या प्रश्नावर ती गप्प बसली, तर तिच्या बुद्धीचं मोजमाप झालं की तिच्या कानडीचं? एक दोष गुण वाढवतो, दुसरा घटवतो. दोन्ही एकमेकांना फेडून टाकतील असं मानायला काही आधार नाही.

बहुभाषिक मुलांबद्दल शास्त्राचं मत एकदा पार उलटलेलं आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवं. १९२३ मध्ये वेल्समधल्या सेअर यांच्या अभ्यासात ग्रामीण द्विभाषिक मुलं मागे दिसली, आणि अनेक वर्षं दोन भाषा म्हणजे मेंदूवर ओझं असंच मानलं गेलं. १९६२ मध्ये माँट्रियलला पील आणि लॅम्बर्ट यांनी सामाजिक परिस्थिती सारखी असलेली मुलं घेऊन पाहिली, तर द्विभाषिक मुलं पुढे निघाली. आपल्याकडे अजित मोहंती यांनी ओडिशातल्या कंध मुलांचा अभ्यास केला. कुई आणि उडिया दोन्ही बोलणारी मुलं फक्त उडिया बोलणाऱ्या कंध मुलांच्या पुढे होती. तीन-चार भाषांत वावरणारं आमच्या सीमेवरचं लेकरू शाळेत ‘कच्चं’ ठरतं, तेव्हा या संशोधनाची आठवण शिक्षकांपर्यंत कोणीतरी पोचवायला हवी.

कोण पोचवणार? आता हा भाग काही विद्यापीठांविना नाही. गुलबर्गा विद्यापीठ १९८० पासून आहे. आळंद तालुक्यात कडगंचीला २००९ पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. कलबुर्गीचं महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चं. बीदरला पशुवैद्यक विद्यापीठ आहे, पलीकडे नांदेडला आणि परभणीला विद्यापीठं आहेत. तुरीसाठी राज्यांच्या हद्दी ओलांडून एकाच पद्धतीनं चाचण्या होतात. त्याच धर्तीवर कलबुर्गी, बीदर, लातूर आणि नांदेडच्या मानसशास्त्र व शिक्षणशास्त्र विभागांनी मिळून कामतांचं काम पुन्हा करायला हवं. मराठी, कानडी, दखनी, लमाणी घरांतली मुलं घ्यायची. मुली घ्यायच्या. खेड्यातली घ्यायची आणि शहरातलीही. तपासणारा त्या मुलाच्या घरची भाषा बोलणारा असावा. आणि रोगट तुकड्यातल्या त्या ओळींसारखी एक खूण आधीच ठरवावी, की कुठला निकाल आला तर ही चाचणी मुळातच निरुपयोगी मानायची. तसा निकाल आला तर तोही छापावा. पीएच.डी.चे प्रबंध चालू असतातच. त्यातले काही या एका प्रश्नाला जोडले, तर वेगळ्या निधीची वाटही फार पाहावी लागणार नाही.

निष्कर्ष मराठी, कानडी आणि उर्दूत त्या त्या शाळांना द्यावेत, ज्यांची मुलं तपासली त्या आईबापांना समजतील असे. मारुती तुरीचं बी गावोगाव गेलं, पण ती कशी निवडली हे सांगणारे निबंध इंग्रजीतच राहिले. जुनं बी दमलं की काय पाहायचं, फेरपालट का करायची, हे त्यामुळे शिवारात कळायचं राहून गेलं. मुलांच्या बाबतीत तसं होऊ नये.

एवढं होईपर्यंत एक गोष्ट उद्यापासून करता येईल. दिव्यांगत्वाच्या तपासणीच्या अहवालात चाचणीच्या नावापुढे दोन ओळी जादा लिहाव्यात: चाचणी कुठल्या भाषेत घेतली, आणि मुलाच्या घरची भाषा कोणती.