पात्रतेचा प्रश्न
मार्च 2020 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने महामारी-साहाय्याचा केअर्स कायदा संमत करून उच्च शिक्षणासाठी सुमारे 14 अब्ज डॉलर मंजूर केले आणि विद्यापीठांच्या हिश्शापैकी निदान निम्मी रक्कम थेट विद्यार्थ्यांच्या हाती पडावी अशी तजवीज केली; परंतु संघ-सरकारच्या विद्यार्थी-साहाय्यास जे पात्र तेच हक्कदार, असा दंडक शिक्षण खात्याने घातल्यामुळे, वसतिगृहे बंद होऊन निराश्रित झालेले परदेशी विद्यार्थी, ज्यांत आपली मराठी मुलेही होती, कक्षेबाहेर राहिले. सात्त्विक दानाला गीतेने देश, काल आणि पात्र या तिहींची अट घातली आहे खरी. तथापि महामारीत भाड्याला मोताद झालेल्याची पात्रता त्याच्या गरजेत शोधावी की दफ्तरातील नोंदीत? सार्वजनिक पैशाचा हिशेब द्यावाच लागतो, हे मला मान्य आहे (फिर्याद नेहमी कारकुनाविरुद्धच होते, हेही अन्यायाचेच). मात्र याचनेपूर्वीच दिलेले दान मागाहून दिलेल्याहून श्रेष्ठ मानणाऱ्या मध्ययुगीन यहुदी तत्त्वज्ञ मायमॉनिडीसला, आपले दारिद्र्य अर्जावर सविस्तर मांडायला लावणारी ही व्यवस्था निकृष्टच वाटली असती. तो दंडक मे 2021 मध्ये शिक्षण खात्यानेच मागे घेतला. तोवर कित्येकांनी शिक्षण सोडले असेल.