कानाचा परिग्रह

परिग्रह-परिमाणाचं व्रत घेणाऱ्या श्रावकासाठी आपल्या शास्त्रकारांनी दहा खाती आखून दिली आहेत : क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, दासी, दास, कुप्य आणि भांड. जमीन किती, घरं किती, सोनं किती, याची हद्द आपली आपणच ठरवायची आणि पुढं त्या हद्दीत राहायचं. मुनींसारखं सगळं सोडायला गृहस्थाला कुणी सांगितलेलं नाही. त्याला एवढंच विचारलं आहे की, बाबा, तुझं 'पुरे' कुठं आहे?

सोन्याच्या बाबतीत हा प्रश्न त्या मानानं सोपा. तोळे मोजता येतात, साड्या मोजता येतात. पण आवाजाच्या बाबतीत 'पुरे' कुठं म्हणायचं? निवृत्तीनंतर घरी नीट गाणं ऐकता यावं म्हणून मी एक संच जुळवायला घेतला. दशलक्षण पर्वात वहीत मर्यादाही लिहून ठेवली : सगळा मिळून सव्वा लाख, आणि तोही एकदाच. या मर्यादेची खरी परीक्षा झाली ती एका छोट्याशा पेटीपाशी.

त्या पेटीचं नाव डॅक. पूर्ण नाव डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. सीडीवर किंवा कॉम्प्युटरमध्ये गाणं नसतंच, नुसते आकडे असतात. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा माप ठरलं ते असं : लहरीची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजणी ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवायची. या आकड्यांतून पुन्हा सलग लहर उभी करणं हे डॅकचं काम. पुढं अ‍ॅम्प्लिफायर ती लहर मोठी करतो आणि स्पीकर ती हवेत सोडतो. डॅक आपल्या फोनमध्येही असतो, टीव्हीतही असतो. हौशी मंडळी तो वेगळा विकत घेतात. फोनला जोडायच्या बोटभर वायरीतला डॅक हजार-दोन हजारांत मिळतो, आणि वरची किंमत विचाराल तर कित्येक लाखांत जाते.

माझा भाचा बेंगळुरूला इंजिनिअर आहे. त्यानं मला यादीच पाठवली. एका पेटीत नेमक्या मापाच्या रेझिस्टरांची शिडी असते. दुसरीत डेल्टा-सिग्मा नावाची पद्धत : पायऱ्या मोजक्याच, पण वेग प्रचंड, आणि त्यातून होणारी खरखर कानाच्या टप्प्यापलीकडे ढकललेली. इंग्लंडच्या कॉर्ड कंपनीच्या पेट्यांत बाजारातली तयार डॅक चिपच नसते. रॉब वॉट्स या अभियंत्यानं स्वतः रचलेलं गणित त्यांत चालतं. वाचताना मन रमलं, खोटं कशाला बोलू? माणसाच्या बुद्धीची ही कमाल आहे. पण भाच्याच्या पसंतीचा एकटा डॅकच माझी सगळी मर्यादा ओलांडून पुढं जात होता. मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "मग मी घेऊन देतो की, मावशी. तुझ्या हिशेबात येणारच नाही."

मला हसू आलं. व्रताचे अतिचार सांगताना श्रावकाचारावर लिहिणाऱ्यांनी ही पळवाट केव्हाच ओळखून ठेवली आहे. दोन शेतांमधला बांध काढायचा आणि 'माझं शेत एकच' म्हणायचं, जास्तीचं धन दुसऱ्याच्या नावावर ठेवायचं, हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. संख्या तीच राहते आणि व्रत मोडतं. म्हणून मी ठरवलं की पैशाचा प्रश्न जरा बाजूला ठेवावा आणि आधी हे बघावं की मला हवं आहे ते नक्की काय.

या व्यवहारातला सगळ्यांत लाडका शब्द 'शुद्ध'. शुद्ध आवाज, निर्मळ आवाज, मधला पडदा दूर झाल्यासारखा आवाज. जैन घरात वाढलेल्या बाईला हा शब्द ऐकून थोडं थांबावं लागतं. दशधर्मांतलं 'उत्तम शौच' म्हणजे शुद्धीच, पण तिचा अर्थ लोभ नसणं असा आहे. एकाच शब्दाच्या दोन वाटा झाल्या : एका वाटेनं शुद्धी वस्तू मिळवून येते, दुसऱ्या वाटेनं वस्तूची ओढ गेल्यावर.

कुणी म्हणेल, संगीत म्हणजे काय सोनं-नाणं आहे का? त्याचा कसला परिग्रह? पण आपल्या दर्शनात शब्द हाही पुद्गलच. न्याय-वैशेषिकांनी ध्वनीला आकाशाचा गुण मानलं. जैनांनी तो पुद्गलाचा पर्याय मानला. आवाजालाही असा जडाचा देह आहे, त्यामुळे त्याचा लोभ हा काही वरच्या जातीचा लोभ ठरत नाही. आणि परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून नाहीच. उमास्वातींनी ती मूर्च्छेवरून केली, म्हणजे वस्तूत जीव गुंतण्यावरून.

आता कानाचा हिशेब. तरुण, निरोगी कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये मांडलेल्या आणि शॅनन यांनी १९४९ मध्ये पक्क्या केलेल्या सिद्धान्तानुसार, लहरीतल्या सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा मोजलं की मूळ लहर पूर्ण परत मिळते. मोजण्यांच्या मधल्या जागा रिकाम्या राहतात, आवाज पायऱ्या-पायऱ्यांचा होतो, ही समजूत खरी नाही. सीडीचे १६ बिट सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला देतात. घरातली शांत खोलीसुद्धा तीसएक डेसिबलची असते. पंखा लावला, शेजारी कुकरची शिट्टी झाली, की तीही शांतता संपली. आज पंधरा-वीस हजारांत मिळणाऱ्या चांगल्या डॅकची खरखर आणि विकृती या सगळ्याच्या कितीतरी खाली असते. त्या मानानं चांगल्या स्पीकरची विकृती शेकडो पटींनी जास्त असू शकते, आणि खोलीच्या उघड्या भिंती आवाजाचं जे करतात ते तर विचारूच नका.

माझ्या कानांचं वयही साठीपुढचं. भाच्यानं फोनवर एकेक सूर चढवत नेला. "आता येतंय का, मावशी?" अकरा हजार हर्ट्झनंतर मी मान हलवली. त्याला अजून ऐकू येत होतं आणि माझ्यासाठी खोलीत काहीच नव्हतं. वाईट वाटलं म्हणण्यापेक्षा नवल वाटलं. हद्द वहीत लिहायच्या आधीच शरीरानं एक हद्द लिहून ठेवली होती.

तरीही दोन डॅक शेजारी ठेवून ऐकले तेव्हा महागडा मला अधिक गोड वाटला. इथं आपल्या ज्ञानमीमांसेतली एक गोष्ट फार उपयोगी पडली. मतिज्ञानाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : अवग्रह, ईहा, अवाय, धारणा. आधी काहीतरी आहे एवढं जाणवतं, मग हे काय असावं याची चौकशी, मग निश्चय, मग तो मनात टिकवणं. बाजारात आपण अवग्रहावरून सरळ अवायावर उडी मारतो. ईहा मधल्या मध्ये गळते.

आम्ही ती ईहा केली. दोन्ही पेट्यांचा आवाज आधी मापून सारखा केला, कारण अगदी किंचित मोठा आवाजसुद्धा कानाला 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो. मग मल्लिकार्जुन मन्सूरांचं गाणं लावून पेट्या कापडाआड ठेवल्या. सोळा वेळा भाच्यानं मनाला येईल तशी अदलाबदल केली, सोळा वेळा मी उत्तर दिलं. नऊ बरोबर आली. नुसता अंदाज केला असता तरी आठच्या आसपास येतात. बारा आली असती तर काही म्हणण्यात अर्थ होता. मोठ्या प्रमाणावरचे प्रयोगही असंच काहीसं सांगतात. बोस्टनमध्ये मेयर आणि मोरान यांनी सीडीहून वरच्या प्रतीचा आवाज आणि तोच सीडीच्या मापात उतरवलेला आवाज यांची तुलना करून घेतली. २००७ मध्ये छापलेल्या त्या प्रयोगात ५५४ प्रयत्नांपैकी निम्मेच बरोबर आले. २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ रीस यांनी १८ प्रयोग एकत्र केले. त्यांना फरक ओळखल्याचा माग मिळाला, पण निम्म्याहून जरासा वर. शिकवून तयार केलेल्या कानांत तो अधिक.

मग 'मला फरक ऐकू येतो' म्हणणारे खोटं बोलतात का? असं म्हणणं अनेकान्ताला सोडून होईल. किंमत माहीत असते, पेटी डोळ्यांना सुंदर दिसते, त्या वेळी मिळणारा आनंद खराच असतो. काही डॅक मुद्दामच वेगळे घडवलेले असतात, व्हॉल्व्ह घालून किंवा वरचे सूर थोडे मऊ करून. त्यांचा फरक यंत्रावरही दिसतो. पण अनेकान्त म्हणजे सगळेच बरोबर असं नव्हे. 'स्यात्' म्हणताना कुठल्या अपेक्षेनं बोलतो ते सांगावं लागतं. 'मला गोड वाटलं' हे अनुभवाच्या अपेक्षेनं खरं. 'गोडवा या पेटीत आहे' हे दुसरं विधान आहे, त्याला वेगळा पुरावा लागतो. पहिलं विधान दुसऱ्याच्या किमतीला विकणं, हा माझ्या मते सत्याणुव्रताचा प्रश्न आहे. तो विकणाऱ्याला जसा लागू, तसा पाहुण्यांना संच दाखवणाऱ्या घरमालकालाही.

इथवर आलं की वाटतं, झालं, महागडा डॅक घेऊ नये, व्रतही राहिलं. पण माझं मन इथं अडलं. जो फरक मला ऐकूच येत नाही त्यावर पाणी सोडणं हा त्याग कसला? तो नुसता हिशेब झाला. आंधळ्यानं आरसा सोडावा तसं ते. व्रताची कसोटी लागते ती फरक खरोखर असतो तिथं, म्हणजे या संचापुरतं बोलायचं तर स्पीकरपाशी. चाळीस हजारांचा जोड आणि एक लाखाचा जोड यांतला फरक मला कापडाआडूनही सांगता आला. तानपुऱ्याचा षड्ज दुसऱ्यात भरून वाहत होता. तिथं 'पुरे' म्हणणं अवघड आहे, आणि म्हणूनच तिथं त्या शब्दाला वजन आहे.

बाहेरचे परिग्रह दहा, तसे आतले चौदा मोजले आहेत. मिथ्यात्व, चार कषाय, आणि हास्य, रती, अरती यांसारखे नऊ नोकषाय. पेटी बाहेरच्या यादीत एकदाच नोंदली जाते. आतल्या यादीत ती पुन्हा पुन्हा येते. आधी रती : किती गोड! मग महिना-दोन महिन्यांत अरती : खर्जात थोडं कमी पडतंय का? ज्या संचानं काल डोळ्यांत पाणी आणलं त्याच संचात आज उणीव शोधायची. या छंदातली किती माणसं गाणं ऐकायचं सोडून संच ऐकत बसतात! त्यांनी पैसे गमावले याचं मला तेवढं वाटत नाही. त्यांचं गाणं गेलं, याचं वाटतं.

शुद्धतेचा आणखी एक हिशेब असतो, तो आपल्या घराबाहेर राहतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या, मिरजेत घडलेल्या गाण्याच्या जुन्या तबकड्या लाखेच्या. लाख म्हणजे किड्यांची. श्रावकानं टाळायच्या पंधरा कर्मादानांत लाखेचा व्यापार नावानिशी आहे. म्हणजे ज्या तीन-साडेतीन मिनिटांच्या झिंजोटीनं आमच्या भागातल्या घराघरांचे कान घडवले, ती जीवांच्या मोलावर आली होती. आजच्या पेटीत लाख नसली तरी खाणीतून काढलेलं तांबं-सोनं आहे, आणि जुनी पेटी टाकल्यावर तिचा कचरा कुणाच्या तरी दारात जातोच. संगीत हिंसेशिवाय घरी येत नाही. म्हणून ते ऐकूच नये असं गृहस्थधर्म म्हणत नाही. जे आणलं ते पुरतं वापरावं, आणि वारंवार बदलू नये, एवढं तरी मी त्यातून घेते.

मी पंधरा हजारांचा डॅक घेतला. स्पीकर मधले घेतले, लाखाचे नाहीत. भिंतीला पुस्तकांची कपाटं लावली, खाली जाड सतरंजी घातली. खोलीचा घुमारा त्यानं जेवढा उतरला तेवढा कुठल्याही पेटीनं उतरला नसता. मर्यादेतले पंचवीस हजार उरले. ते खर्च करायलाच हवेत असं वहीत कुठं लिहिलेलं नाही.

लाखाच्या जोडातला तो षड्ज अजून आठवतो. आठवू दे. तो विसरला असता तर मी काही सोडलं असं म्हणताच आलं नसतं. व्रत पाळणाऱ्याच्या मनात इच्छा उरत नाही, अशी आपली एक भाबडी समजूत असते. माझी इच्छा आहे तिथंच आहे. तिला मी फक्त माझ्या घरच्या गाण्यात खोट काढू देत नाही.