गळती किती, आणि ठरवायची कुणी?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेत पाच लाख लिटर. पाणी इतकं मोलाचं झालं की गळती मोजावीच लागते, आणि मोजायच्या दोन तऱ्हा असतात. एक, पाइपाच्या फटीतून उडणारी धार बघून हिशोब करायचा. दुसरी, टाकीतून सुटलेल्या पाण्यातून घरोघरी पोचलेलं पाणी वजा करायचं.

हृदयाच्या झडपेचंही तसंच आहे. मायट्रल झडप नीट मिटली नाही, की प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उलटं फिरतं. टूडी इको ही धार बघायची तऱ्हा. फटीजवळचा प्रवाह अर्धगोल आहे असं धरून आकडा काढतात. त्या अर्धगोलाच्या त्रिज्येचा वर्ग होतो, म्हणून त्रिज्येत १० टक्के फरक पडला तर उत्तरात २१ टक्के पडतो. एमआरआय वजाबाकी करतो: डाव्या कप्प्याने ढकललेलं रक्त वजा महाधमनीतून पुढे गेलेलं.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात त्याच रुग्णांची दोन्ही तपासण्यांनी मोजणी झाली. गळती गंभीर आहे की नाही, यावर दोन्हींचं अनेकदा जमलं नाही. ऑपरेशननंतर हृदय किती आटोपशीर झालं, त्याच्याशी एमआरआयचा आकडा जास्त जुळला.

मग इको खोटा का? तसं नाही. झडप का गळतेय, कुठला पडदा निसटलाय, हे इको फार चांगलं दाखवतो. यंत्र खाटेपाशी नेता येतं. एमआरआय महाग, ठोके अनियमित असले तर अवघड. म्हणून डॉक्टर आधी इको करतात आणि शंका राहिली तर एमआरआय सांगतात.

खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. एका ठोक्याला साधारण ६० मिलिलिटर रक्त मागे फिरलं की गळती गंभीर धरतात. मी रोज कोड लिहितो. ६० च्या अलीकडे एक उत्तर, पलीकडे दुसरं, ही अट एका ओळीत लिहून होते. पण समजा, औशाच्या एखाद्या मावशीचा इको ६४ म्हणतो आणि एमआरआय ४५. गळती एकच आहे, आकडे दोन. इको मानून छाती उघडली आणि गरज नव्हती, तर तो अन्याय. एमआरआय मानून थांबलो आणि हृदय कायमचं सैल पडलं, तर तोही अन्याय.

यातली कुठली चूक परवडेल, हे कुठलंच यंत्र सांगत नाही. ते मावशीचं वय, तिचं शेत, तिची भीती, घरात तिच्यामागे बघणारं कोण, यावर ठरतं. यंत्र अधिक अचूक झालं तर शंका कमी होईल. निवड मात्र उरेलच. ती निवड आकड्याच्या आड लपवली, की मावशीच्या वतीने कुणीतरी दुसऱ्यानेच ती केलेली असते, आणि तिला ते कळतही नाही.

म्हणून रिपोर्ट हातात आला की आकड्याइतकंच हेही विचारावं: हा आकडा काय धरून काढला? दुसऱ्या तऱ्हेने मोजला तर निर्णय बदलेल का? आणि हा प्रश्न विचारताना मावशीला खोलीबाहेर बसवू नये.