मंजिरी खुडावी की राखावी?

वारकऱ्यांच्या दारची तुळस पुष्कळदा एका पेचात असते. मंजिरी देवाला प्रिय म्हणून आपण ती खुडतो, आणि ती राखली तर झाड लवकर थकतं म्हणूनही खुडतो. दोन्ही गोष्टी खऱ्या. दाणा धरला की झाडाचा जोर तिकडे जातो, पालवी विरळ होते. मग सगळीच मंजिरी खुडावी काय?

आधी वाळकी मंजिरी तळहातावर चोळून पाहा. फुलामागे राहिलेल्या एकेका वाळक्या पेल्यात चारपर्यंत बारीक तांबूस दाणे निघतात. आपण त्यांना बी म्हणतो. वनस्पतिशास्त्र म्हणतं, हे फळ. एका फुलाची चार कोरडी फळं, प्रत्येकात एकच बी. (बाजारातला सब्जा हे तुळशीच्या बहिणीचं असंच फळ, पण तो काळा, आणि पाण्यात टाकताच टरारून फुगतो. तुळशीचा दाणा तसा फुगत नाही. ओळख एवढ्यावर पटते.)

ह्या फळाला गर नाही, गोडी नाही. आमच्या रत्नागिरीचा हापूस घ्या. गर आपण खातो, कोय फेकतो, आणि काही बिघडत नाही, कारण कोयीचं झाड मूळ गुणाचं येईलच असं नाही. हापूस कलमानेच राखायचा. तुळशीच्या फळात मात्र पुढच्या रोपावाचून दुसरं काही नाहीच. ते खुडलं म्हणजे रोपच खुडलं.

भाताचा दाणाही फळच. साल आतल्या बियाला घट्ट चिकटलेली. शिरगावच्या संशोधन केंद्राने ‘रत्नागिरी १’, ‘रत्नागिरी २४’ अशा जाती दिल्या, पण कोकणच्या कुळवाड्याचा नेम त्याहून फार जुना: घरात चूल पेटली नाही तरी बियाण्याच्या मुड्याला हात लावायचा नाही. तो दाणा त्याचा एकट्याचा नव्हे, असं त्याला वाटतं. द्वादशीला तुळस तोडू नये, ह्या नेमातही हात आवरणं आहेच.

कोणी म्हणेल, देवाचं ते देवाला वाहिलं, त्यात दोष कसला? दोष आम्हीही म्हणत नाही. पण राखलेली मंजिरी देवाची नाही, हे कोणी ठरवलं? आमच्या मते दोन-तीन मंजिऱ्या झाडावरच तपकिरी होऊ द्याव्यात, बाकीच्या खुशाल वाहाव्यात. दाणे खोल पुरू नयेत. ओल्या मातीवर भुरभुरून हाताने नुसते दाबावेत. आणि कुंडी पागोळीखाली ठेवू नका हो, आषाढातल्या धारेने सगळं वाहून जातं.