पाण्याची वेळ

पेणहून अलिबागला निघालं की वडखळनंतर धरमतरचा पूल लागतो. एसटीच्या खिडकीतून खाली बघावं. कधी खाडी काठोकाठ भरलेली असते, कधी नुसता चिखल आणि त्यात एका अंगावर कलंडलेली होडी. होडी अशी रुतलेली दिसली की वाटतं, आज हिला सुट्टी. पण नीट पाहिलं तर कुणीतरी तिच्यात असतं. दोर गुंडाळतंय, जाळ्याचा फाटका भाग सांधतंय, पिण्याचं पाणी आत ठेवतंय. भरतीला अजून अवकाश असतो, निघायची तयारी मात्र सुरू झालेली असते.

पूल नव्हता तेव्हा इथे सगळ्यांनाच पाण्याच्या वेळेने चालावं लागे. ‘धरमतर’मधला ‘तर’ म्हणजे जुन्या मराठीत होडीने पार होण्याची जागा. मुंबईची आगबोटही धरमतरला लागे आणि पुढचा प्रवास रस्त्याने होई. भरती कुणाच्या सोयीने येत नाही. रोज ती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. म्हणून आपल्या किनाऱ्यावर एक सोपा हिशेब चालत आला आहे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. खाडीत आत असाल तर थोडा वेळ आणखी धरायचा. एकदा वेळ कळली की तिच्या आधीचे तास आपले.

आता पूल आहे. कधीही निघता येतं, म्हणून तयारीही आपण कधीही करतो. बहुतेकदा चपला घालता घालता. चार्जर सापडत नाही, गोळ्यांची डबी राहते, गॅस बंद केला का ते जिन्यात आठवतं. मग आवाज चढतो, तोही सोबत निघालेल्या आपल्याच माणसांवर. तेव्हा आपल्या प्रवासाची भरती आपणच ठरवून टाकावी. पहाटे पाचला निघायचं असेल तर रात्री नऊला पिशवी दाराशी. बरोबर काय न्यायचं हे पाहतानाच मागचंही पाहावं. तुळशीला पाणी कोण घालेल? दूधवाल्याला सांगितलं का? शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली का? आणि निघण्याआधीची दहा मिनिटं अगदी रिकामी ठेवावीत.

ती दहा मिनिटं वाया जात नाहीत. आपल्याकडे निघणाऱ्याच्या हातावर दही ठेवतात. निघणारा देवाला नमस्कार करतो आणि ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. घाईतही हा शब्द आपण म्हणतोच, पण खालच्या मजल्यावरून ओरडून. तयारी झालेली असली की उंबऱ्यापाशी क्षणभर थांबता येतं, आईकडे बघून ‘येतो गं’ म्हणता येतं. आज लांबचा प्रवास नसेल, पण कामावर तर निघायचंच आहे. डबा भरून ठेवा, किल्ली जागेवर ठेवा, आणि आजचं ‘येतो’ जरा सावकाश म्हणा.