रुग्णशुश्रूषा : वेतन आणि सेवा

मनुष्य जन्मास येतो तो परावलंबी, आणि पुष्कळदा जगाचा निरोप घेतो तोही परावलंबीच. आरंभीच्या परावलंबनाचा भार माता आनंदाने वाहते. अखेरच्या परावलंबनाचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न मात्र आज घरोघरी उभा आहे. एकत्र कुटुंबे विरळ झाली, मुले नोकरीनिमित्त दूर गेली, घरातील सूनही कामास जाऊ लागली. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशातील साठ व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक भरली होती. त्यांपैकी जे अंथरुणास खिळले, त्यांच्या उशाशी पुष्कळ घरी पोटचे मूल नसते. ब्युरोमार्फत आलेली, वेतनावर काम करणारी एखादी स्त्री असते. कोणी तिला मावशी म्हणतात, कोणी ताई, तर कोणी नुसतेच 'बाई' म्हणून हाक मारतात.

या व्यवस्थेतून दोन प्रश्न उद्भवतात. वेतन घेऊन केलेल्या शुश्रूषेस सेवा म्हणावे काय? आणि वेतन देऊन पुत्राचे कर्तव्य पुरे होते काय?

पहिल्या प्रश्नाचा विचार करताना हे कर्म मुळात काय आहे, ते नीट पाहिले पाहिजे. लांबून पाहणाऱ्यास वाटते की, रुग्णाजवळ बसावे, त्यास भरवावे, त्याचे मलमूत्र काढावे, यात शिकण्यासारखे ते काय? परंतु चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकास अशा रीतीने वैद्याच्या पंक्तीस बसविले असून त्याच्या ठायी चार गुण अपेक्षिले आहेत. ते म्हणजे उपचारांचे ज्ञान, कामातील कौशल्य, ज्याची शुश्रूषा करावयाची त्याच्याविषयी अनुराग, आणि शुचिता.

हे गुण किती आवश्यक आहेत, ते पक्षाघाताने एक अंग लुळे पडलेल्या रुग्णाच्या उदाहरणावरून कळते. त्यास सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घालावा लागतो आणि काढताना तो सर्वांत शेवटी काढावा लागतो. उलट केल्यास खांदा दुखावतो. भरविताना त्यास बसते करून, एक घास गिळला गेल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावयाचा असतो, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करावयाचे नसते. यात चूक झाली तर अन्नकण श्वासमार्गात जाऊन न्यूमोनियाचे भय असते. ज्यास स्वतः हलता येत नाही, त्यास साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. तसे न केल्यास माकडहाड, टाचा, कंबरेची हाडे यांवर सतत दाब पडून तेथील कातडी लाल होते, आणि बोटाने दाबले तरी ती लाली जात नाही. तेवढ्या खुणेकडे लक्ष गेले नाही, तर शय्याव्रण होतो, आणि तो भरून येण्यास कधी कधी महिनेच्या महिने लागतात.

आता या कर्माची खरी कसोटी येथेच आहे. रात्रीचे दोन वाजलेले असतात. घर निजलेले असते. रुग्णास बोलता येत नाही. त्या वेळी त्याची कूस बदलली किंवा न बदलली, हे पाहणारा कोणीही नसतो. सकाळी वहीत खोटी नोंद केली, तरी ती खोटी आहे असे सांगणारा साक्षी नसतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धेस तर सकाळी आपल्याशी कोण कसे वागले, हे संध्याकाळी आठवतही नाही. ती दिवसातून वीस वेळा आपल्या दिवंगत पतीची चौकशी करते. 'ते कधीच गेले' असे फटकन सांगितले, तर वैधव्याचा घाव तिच्यावर दर वेळी नव्याने पडतो. तिच्याजवळ बसून, तिचा हात हाती घेऊन, पतीच्याच जुन्या गोष्टी काढल्या, तर ती शांत होते. दोन्ही वागणुकींस वेतन एकच मिळते!

यावरून असे दिसून येईल की, वेतन वेळेचे आणि श्रमाचे दिले जाते. अनुरागाचे मोल कोणी देत नाही, आणि देऊही शकत नाही. कोणी पाहत नसता जी स्त्री रात्री दोन वाजता उठते, तिचे ते उठणे ही सेवाच होय. महिनाअखेरीस तिने वेतन घेतले म्हणून ती सेवा मलिन होत नाही. स्वकर्मानेच ईश्वराचे पूजन करून मनुष्य सिद्धी पावतो, असे गीतेचा अठरावा अध्याय सांगतो. त्या स्वकर्मातून उपजीविका होऊ नये, असे त्यात म्हटलेले नाही.

परंतु याच शिकवणीचा एक अनर्थ गृहस्थांकडून होत असतो. 'हे पुण्याचे काम आहे' असे म्हणत वेतनात घासाघीस केली जाते. बारा तास ठरवून चौदा तास राबविले जाते. रुग्णासाठी आणलेल्या बाईकडून घरची धुणीभांडी करवून घेतली जातात. जिच्या हातचा घास पित्याच्या मुखात जातो, तिच्या चहाचा कप मात्र वेगळा ठेवला जातो! फलत्यागाचा उपदेश कर्त्याने स्वतःस करावयाचा असतो. दुसऱ्याच्या श्रमाचे फल आपल्यापाशी ठेवून घेऊन त्यास निष्कामतेचा पाठ देणे, हा त्याग नव्हे, अपहार होय. अवज्ञेने दिलेले दान गीतेने तामस ठरविले आहे. दानाविषयी जर असे आहे, तर जे दान नसून कष्टाचे देणे आहे, ते तुच्छतेने हातावर टेकविणाऱ्यास काय म्हणावे?

म्हणून ज्यांच्या घरी अशी शुश्रूषा चालू आहे, त्यांनी पुढील गोष्टी अवश्य पाळाव्यात. (१) काम, तास, वेतन व रजा यांविषयी आरंभीच स्पष्ट बोलावे आणि वेतन ठरल्या दिवशी द्यावे. (२) रात्री जागणाऱ्या व्यक्तीस दिवसा झोप मिळेल, हे पाहावे. (३) इंजेक्शन देण्यासारखे शिक्षित परिचारिकेचे काम अशिक्षित व्यक्तीवर लादू नये. (४) घरातील वस्तू दिसेनाशी होताच पहिला संशय तिच्यावर घेऊ नये. (५) आठवड्यातून एक दिवस तिला सुटी द्यावी, आणि त्या दिवशीची शुश्रूषा घरच्यांनी आपल्या हातांनी करावी.

हा पाचवा नियम दुसऱ्या प्रश्नाकडे नेतो. आईबापांसाठी माणूस ठेवणे हे पाप नव्हे. 'लोक काय म्हणतील' या भयाने माणूस न ठेवता, अजाण हातांनी वृद्धास व्रण होऊ देणे, हेच अधिक दोषास्पद. तथापि माणूस ठेवल्याने हातांची उणीव भरून निघते, पुत्राची नव्हे. आईबाप व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी २००७ साली कायदा झाला. त्यायोगे पुत्राकडून निर्वाहाची रक्कम मिळविता येते. पण तो पित्याच्या खाटेजवळ घटकाभर बसावा, अशी आज्ञा कोणतेही न्यायासन देऊ शकत नाही. ते ज्याचे त्यानेच करावयाचे असते. जो दूर आहे, त्याने ठरल्या वेळी दूरध्वनीवर आवाज तरी ऐकवावा. जो जवळ आहे, त्याने निदान एक वेळचे भरविणे स्वतःकडे ठेवावे.

महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याधाचे आख्यान आहे. आईबापांची अनुज्ञा न घेता अध्ययनासाठी घर सोडून निघालेला कौशिक नावाचा ब्राह्मण धर्म जाणून घेण्यासाठी मिथिलेस या व्याधाकडे गेला. व्याध बाजारात मांस विकून पोट भरीत असे. त्याने कौशिकास घरी नेऊन आपले वृद्ध मातापिता दाखविले, हीच आपली दैवते असे सांगितले, आणि कौशिकास त्याच्या आईबापांकडे परत जावयास सांगितले. ज्याला लोक हीन म्हणत, त्या धंद्यातील कमाई आणि घरची मातृपितृसेवा, या दोहोंत व्याधास विरोध दिसला नाही.

परक्याच्या पित्याची शुश्रूषा करणाऱ्या कित्येक स्त्रियांच्या गावीही त्यांची म्हातारी आई असते. तिच्या औषधाचे पैसे याच वेतनातून जातात. परक्या घरी रात्र जागविल्याने आपल्या आईजवळ बसणे त्यांना साधत नाही, आणि त्या दुःखाची भरपाई कोणत्याही वेतनाने होत नाही. म्हणजे त्यांचे वेतन हेच त्यांच्या मातृसेवेचे साधन आहे. ते कमी करणारा गृहस्थ केवळ एका मजूर स्त्रीचे पैसे वाचवीत नाही. तो दूरच्या एका आईच्या औषधात हात घालतो. आणि ते वेळेवर, आदराने देणारा गृहस्थ आपल्या पित्याबरोबरच त्या न पाहिलेल्या आईचीही सेवा करतो.

तेव्हा, सुज्ञ वाचकहो, ज्यांच्या घरी अशी कोणी मावशी आज उशाशी बसली असेल, त्यांनी प्रथम तिच्या आईची प्रकृती कशी आहे, ते विचारावे.